खालची कवळी

नावात मिठी आहे तिच्या, पण धरत काही नाही.
वरची टाळूला चिकटून बसते, कायम नोकरीत असल्यासारखी.
खालची मात्र जीभ हलली की हलते,
होडीत उभं राहिलेलं माणूस जसं.

अंगड्यांच्या वास्तुशांतीला गोकाकचा करदंट होता.
एकच घास घेतला. डिंकाने आपलं काम केलं.
हात खाली आला तेव्हा वडीत रुतलेले
माझेच दात माझ्याकडे बघून हसत होते.
शांतव्वाने पदर आडवा धरला,
"इरली बिडरी, अक्का" म्हणाली,
आणि मी वडीसकट सगळं रुमालात गुंडाळून
वडगावच्या रिक्षात बसले.

छत्तीस वर्षं बेळगाव एक्स्चेंजला काढली.
संकेश्वर लावा, चिक्कोडी लावा,
निपाणीचा तंबाखूचा व्यापारी तीन मिनिटांत तीनदा ओरडायचा
आणि मी दर वेळी म्हणायची, "थांबा, देते."
थ आणि द.
दोन्हींना जीभ दाताला टेकावी लागते,
हे तेव्हा कुणाला माहीत होतं?
आता "थांबा" म्हटलं की मधून वाराच जातो.
पुण्याची सून विचारते, "आई, तुमच्याकडे रेंज नाहीये का?"

कन्नडातले आकडे बरे. एरडु, मूरु, आरु, एळु,
कवळीला धक्का न लावता निघतात.
आपले दोन, तीन, दहा
उंबऱ्यालाच ठेचकाळतात.
म्हणून भाजीवालीशी हल्ली कन्नडातच भाव करते.
गल्लीत चर्चा आहे,
म्हातारीने शेवटी पक्ष बदलला.

टिळकवाडीत डॉक्टर हंचिनमनी,
माझ्या मुकुंदापेक्षा लहान.
जबड्याचा फोटो पडद्यावर लावून म्हणाले,
"हाड झिजलंय बघा अक्का, पण पुढं दोन जागी आहे अजून.
दोन स्क्रू घालू या. तीन महिने थांबायचं.
हाड धरतंय त्याला.
मग कवळी वरनं टक्क करून बसतीय, बटणासारखी."
शुगर विचारली. रक्त पातळ करायची गोळी विचारली.
मग कागदावर आकडा लिहून कागद माझ्याकडे फिरवला,
तोंडाने बोलले नाहीत.
एक लाख पंधरा हजार.

परका धातू हाडाला परका वाटत नाही म्हणे.
हाडाला एवढी समज आहे.

रात्री वाटीत कवळी, वाटीखाली कागद.
एकाहत्तर चालू आहे. एक्याऐंशीपर्यंत टिकले
तर महिन्याला नऊशे अठ्ठावन्न पडतात,
केबल आणि दुधापेक्षा कमीच.
पंचाहत्तरीला गेले तर परवडत नाही.
म्हणजे पैसे भरले की लवकर जायची सोय संपली.
मुकुंद म्हणतो, "आई, हिशेब कसला करतेस, घाल."
तो शेंगदाणे खात खात म्हणतो हे,
मला फोनवर ऐकू येतं.

ह्यांच्या अस्थी वेचताना राखेतून एक पट्टी निघाली होती,
स्कूटरवरून पडले तेव्हा मांडीत घातलेली.
काळवंडली होती, चिंच लावून घासली तशी चकाकली.
गुरुजी म्हणाले, नदीत सोडा.
मी पर्समध्ये टाकली.
अजून आहे, किल्ल्यांशेजारी,
पाच भोकांची.
डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं,
माझे दोन स्क्रू निघाले उद्या,
तर त्यातल्या एखाद्या भोकात बसतील का?
असलं काही विचारलं तर मुलगा घाबरेल.

सकाळी साडेदहाला क्लिनिकचा नंबर फिरवला.
नंबर फिरवत नाहीत आता, दाबतात,
पण माझं बोट अजून गोल जातं.
नाव सांगितलं. "काय? परत सांगा."
परत सांगितलं.
तिसऱ्यांदा कवळी अंगठ्याने दाबून धरून सांगितलं.
पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"थांबा हं, देते," ती पोरगी म्हणाली.

काय स्वच्छ थ होता.